वर्षभराची चित्रं समोर पसरल्यावर प्रगती ओळखायची कशी?

निळीशाई
प्रौढांच्या हौशी चित्रकला वर्गांचं वर्ष साधारण जूनला सुरू होतं आणि एप्रिलमध्ये छोट्याशा प्रदर्शनाने संपतं. तोवर फोल्डरमध्ये रेषांचा सराव, पेन्सिलमधला तांब्या-पेला, कोळशात काढलेल्या कापडाच्या चुण्या, जलरंगातलं निसर्गचित्र, पोस्टर कलरचं संकल्पचित्र, एखादं व्यक्तिचित्र आणि शेवटी अ‍ॅक्रिलिकचा कॅनव्हास एवढं साचलेलं असतं. मग शेवटच्या दिवशी शिक्षक म्हणतात, "या वर्षात काय शिकलात ते एक पान लिहा." त्यावर शंभरातले नव्वद जण 'निरीक्षण सुधारलं, आत्मविश्वास वाढला, मन रमलं' असं लिहून मोकळे होतात. हे पान कुठल्याही वर्गाला, अगदी पोहण्याच्या वर्गालाही चालेल.

प्रश्न असा की माध्यम दर वेळी वेगळं, विषयही वेगळा. मग जुलैचा तांब्या आणि मार्चमधला घाट यांची तुलना करायची कशाच्या आधारावर? माझं मत आधीच सांगते: फोल्डरमधलं सगळ्यात देखणं चित्र हा प्रगतीचा पुरावा नसतो. पटतं का? आणि पटत असेल तर नेमकं बघायचं काय?

टाकाऊतूनटिकाऊ
रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न आणायला चाललोय.

कोपरासरळ
देखणेपणाबद्दल पूर्ण सहमत. बघायचं काय, तर प्रत्येक विषयात एक-दोन जागा अशा असतात जिथे हात खोटं बोलू शकत नाही. तांब्याच्या चित्रात ती जागा म्हणजे तोंड आणि बूड.

डोळ्यांची पातळी तांब्याच्या वर असते तेव्हा तोंडाचं लंबवर्तुळ चपटं दिसतं आणि खाली जावं तसं ते गोल होत जातं. म्हणजे बुडाची वक्ररेषा तोंडाच्या पुढच्या वक्ररेषेपेक्षा जास्त फुगीर यायला हवी. नवशिका बूड हमखास सरळ रेषेत काढतो, कारण टेबल सपाट आहे हे त्याला ठाऊक असतं. डोळा सांगतोय एक आणि डोकं सांगतंय दुसरं, त्यात डोकं जिंकतं. दुसरी खूण लंबवर्तुळाच्या दोन टोकांची. टोकं अणकुचीदार असली तर दोन कमानी एकमेकींना चिकटवल्यात असं समजा. लंबवर्तुळ कितीही चपटं असो, टोकाला ते वळतंच.

तपासायला सोपं. ट्रेसिंग पेपरवर तांब्याची बाह्यरेषा उतरवा, मधल्या उभ्या अक्षावर घडी घाला आणि खिडकीच्या काचेवर धरा. डावी-उजवी बाजू किती सरकते ते दिसेल. उजव्या हाताने काढणाऱ्यांचा उजवा खांदा बऱ्याचदा पडलेला असतो, कारण तो भाग काढताना स्वतःचाच हात आड येतो. हेच वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या गोल वस्तूंवर करा, मग ती बादली असो, कुंडी असो वा चहाचा कप. विषय वेगळा असला तरी लंबवर्तुळ तेच.

गेरूवाली
कोपरासरळ यांना +१. रेषेचं झालं, आता छटांचं.

सगळ्या चित्रांचे फोटो काढून फोनवरच कृष्णधवल करा. एका कागदाच्या पट्टीवर पाच चौकोन करून ठेवा: पहिला कोरा, शेवटचा ६बी या मऊ, काळ्या पेन्सिलीने होईल तितका गडद, मधले तीन समान अंतराने. या पट्टीचाही तशाच उजेडात फोटो घ्या. आता प्रत्येक चित्रात या पाचांतले किती चौकोन सापडतात ते मोजा. सुरुवातीच्या चित्रांत बहुधा दुसरा आणि तिसरा एवढेच सापडतात. कोरा कागद सोडायची भीती आणि काळं करायचीही भीती, त्यामुळे सगळं राखाडी. कधीकधी दोष पेन्सिलीचाही असतो बरं का. एचबीने कितीही दाबलं तरी ती एका मर्यादेपुढे काळी होत नाही, फक्त चमकते.

दुसरी जागा: परावर्तित प्रकाश. गोल वस्तूच्या सावलीच्या कडेला टेबलावरून उडालेला जो मंद उजेड दिसतो, तो शिकवल्यावर महिनाभर सगळे त्याच्या प्रेमात पडतात आणि खोडरबरने तिथे लख्ख पट्टी काढतात. तो उजेड सावलीतलाच आहे. उजेडाच्या बाजूच्या सगळ्यात गडद छटेपेक्षाही तो गडदच राहायला हवा. डोळे किलकिले करून बघा, ती पट्टी सावलीत विरघळली पाहिजे. वेगळी उठून दिसली तर अजून शिकणं बाकी आहे.

चिंचगुळी
आमच्या शाळेच्या वर्गात वर्षभराचे सगळे प्रकल्प म्हणजे दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, नारळाचं झाड आणि चार इंग्रजी 'एम'च्या आकाराचे पक्षी. प्रगती मोजायची तर पक्षी मोजावेत.

टाकाऊतूनटिकाऊ
नदीला होडी आली की इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा पास.

खोडरबर
विनोद बाजूला ठेवून एक अप्रिय गोष्ट लिहितो. हौशी वर्गाच्या फोल्डरमध्ये प्रगती शोधण्याआधी 'सरांचा हात' शोधा. प्रदर्शन जवळ आलं की शिक्षक शेवटचे दोन फटकारे मारून देतात. व्यक्तिचित्रात डोळ्यातला चमकीचा ठिपका, निसर्गचित्रात पुढच्या गवताचे सपकारे, पाण्यावरच्या आडव्या रेघा. ते दोन फटकारेच चित्र उचलून धरतात आणि घरी सगळे म्हणतात, काय सुधारणा आहे!

ओळखायचं कसं: कडा बघा. एकाच चित्रात बाकी सगळ्या कडा सारख्याच कडक आणि एकाच कोपऱ्यात काही कडा विरलेल्या, काही धारदार, तर तो कोपरा तुमचा नाही. ब्रशच्या फटकाऱ्याची सुरुवात आणि शेवटही बघा. नवशिक्याचा फटकारा दोन्ही टोकांना सारख्या जाडीचा येतो, कारण ब्रश कागदावर टेकवून मग ओढलेला असतो. सरावलेला हात हवेतच हलायला लागतो, म्हणून फटकारा टोकाला निमुळता होतो.

तेव्हा चित्राच्या मागे पेन्सिलीने टीप हवीच: तारीख, किती वेळ लागला, कागद कोणता, रंग कोणते, समोर वस्तू ठेवून काढलं की फोटोवरून, आणि सरांनी कुठे हात फिरवला. बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि जलरंगाचा कागद असेल तर त्या खाचेत रंग साचतो.

निळीशाई
खोडरबर, 'फोटोवरून' हा मुद्दा महत्त्वाचा. फोटोवरून काढलेलं चित्र कमी दर्जाचं धरायचं का?

खोडरबर
दर्जा कमी नाही, पण पुरावा कमी. फोटोत त्रिमितीचं द्विमितीत रूपांतर कॅमेऱ्याने आधीच केलेलं असतं, चौकट त्यानेच ठरवलेली असते. चौकटी आखून फोटो मोठा केला असेल तर प्रमाण बरोबर येणारच. त्यात हाताचा संयम दिसतो, निरीक्षण फारसं दिसत नाही. शिवाय फोनच्या फोटोत सावल्या एकदम काळ्या येतात. सगळ्या सावल्या एकजात काळ्या असलेलं निसर्गचित्र बहुतेक वेळा पडद्यावरून उतरवलेलं असतं.

बिनचौकट
वरच्या सगळ्यांचा आदर राखून असहमत. तुम्ही लोक वेगवेगळ्या चित्रांत तीच खूण शोधताय, ही शोधाशोध करायचीच कशाला? वर्षाच्या पहिल्या आठवड्यातली मांडणी शेवटच्या आठवड्यात पुन्हा लावा आणि पुन्हा काढा. संपला विषय.

फक्त मांडणी खरोखर तीच हवी. तांब्या, पेला, खाली करड्या रंगाचं कापड. टेबलावर खडूने वस्तूंच्या जागा आखून फोटो काढून ठेवा, बसायच्या खुर्चीच्या पायांचीही खूण करा. डोळ्यांची पातळी चार बोटं बदलली तरी लंबवर्तुळं बदलतात. खिडकीचा उजेड जून आणि एप्रिलमध्ये सारखा नसतो, म्हणून एका बाजूने टेबललॅम्प आणि पडदे बंद. कागद त्याच मापाचा, पाव इम्पिरियल म्हणजे ११ बाय १५ इंच पुरे. वेळ पक्की, ९० मिनिटं, अलार्म लावून. फळं आणि फुलं नकोत, ती वर्षभर थांबत नाहीत. कलाशाळांत प्लास्टरचे शंकू, घन आणि पुतळे असतात त्याचं एक कारण हेच की ते सुकत नाहीत आणि हलत नाहीत.

आणि दुसरं चित्र काढताना पहिलं बघायचं नाही. बघितलं की माणूस जुन्या चुका तेवढ्या दुरुस्त करतो आणि नव्या लपवतो.

गेरूवाली
बिनचौकट, मांडणी पुन्हा लावायची कल्पना चांगली आहे, पण ती फक्त वस्तुचित्राला पुरते. जलरंगाचं काय? पावसाळ्यात काढलेलं आणि मार्चमध्ये काढलेलं, कागद सारखा, रंग सारखे, तरी वागणूक वेगळी.

ओलाकागद
धागा माझ्या अंगणात आला म्हणून लिहितो. जलरंगात प्रगती ओळखायची मुख्य जागा म्हणजे वॉशची, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या थराची, कड.

वॉश अर्धा वाळला की कागदावरची चकाकी जाते पण तो ओलाच असतो. या वेळी त्यावर जास्त पाण्याचा ब्रश टेकवला की ते पाणी आधीचा रंग ढकलत पसरतं आणि दातेरी कडांचा डाग पडतो. सुरुवातीच्या आकाशांत असे डाग हमखास असतात. नंतरच्या चित्रांत ते नसतील तर दोन शक्यता: एक, कधी थांबायचं ते कळलं, दोन, चित्रकार इतका घाबरला की आता सगळं कोरड्यावर कोरडं लावतो. दोन्हीतला फरक ढगांच्या कडांत दिसतो. ढगाची एक बाजू विरलेली आणि एक बाजू धारदार असेल तर पहिली शक्यता.

दुसरी खूण मळकेपणाची. सावलीला थेट काळा रंग वापरला की चित्र मेलेलं दिसतं. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून जो राखाडी होतो तो निळ्याकडे किंवा तांबूसकडे झुकवता येतो. चित्रातल्या सावल्यांत हा झुकाव दिसायला लागला की रंग मिसळणं आलं म्हणा. डबीतला हिरवा जसाच्या तसा झाडांना लावलेला आहे की त्यात सिएना पडलाय, तेही बघा. सह्याद्रीतला पावसाळी हिरवा कुठल्याच डबीत मिळत नाही.

आता पावसाळ्याबद्दल. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये वॉश वाळायला कितीतरी जास्त वेळ लागतो, त्यामुळे दातेरी डाग पडायची मुभाही जास्त वेळ असते. तेच मार्चमध्ये, विदर्भात तर विचारूच नका, वॉश ओढता ओढता वाळतो आणि पट्टे पडतात. जुलैतले डाग आणि मार्चमधले पट्टे एकाच हाताचे असू शकतात, म्हणून मागच्या टिपेत महिना हवाच.

आणखी एक. कागदाला वरून जी खळ असते ती दमट हवेत खराब होते. मग ठिकठिकाणी कागद रंग आत ओढून घेतो आणि वॉशमध्ये गडद ठिपके उमटतात. ते कितीही प्रयत्न केले तरी जात नाहीत. असे ठिपके असतील तर स्वतःला नापास करू नका, कागद नापास करा. उरलेल्या कागदाच्या कोपऱ्यावर नुसतं पाणी फिरवून तिरकं धरून बघा, ठिपके लगेच कळतात.

चिंचगुळी
अवांतर: जलरंगात खरे गडद येतच नाहीत म्हणून मी अ‍ॅक्रिलिककडे गेले असं वर्गात सगळे म्हणतात. खरंय का?

ओलाकागद
अवांतराला अवांतर उत्तर. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आहे, 'ग्लो ऑफ होप'. ते जलरंगातलं आहे. ज्योतीवर धरलेल्या बोटांतून येणारा उजेड आणि मागचा काळोख बघून या आणि मग जलरंगाबद्दल बोला. जलरंग वाळल्यावर फिके होतात, म्हणून ओले असताना वाटतात त्याहून एक पायरी गडद लावायचे, एवढंच. अ‍ॅक्रिलिक उलट, वाळल्यावर गडद होतं. वर्षाच्या मध्यात माध्यम बदललं की पहिल्या दोन-तीन कॅनव्हासवर सगळं काळपट येतं ते त्यामुळे.

पाटीपेन्सिल
मी पालकांच्या बाजूने विचारते. आठवीतल्या मुलाचा क्लास दर महिन्याला एक प्रकल्प करून घेतो, शिवाय चित्रकलेची सरकारी ग्रेड परीक्षा असते. एलिमेंटरीला ए श्रेणी आली तर प्रगती झाली असं धरायचं का? इंटरमिजिएटचे दहावीला गुण मिळतात म्हणून सगळे तिकडे धावतात.

कोपरासरळ
पाटीपेन्सिल, परीक्षा वाईट नाही. कला संचालनालयाच्या या परीक्षांमुळे महाराष्ट्रात खेडोपाडी मुलं वस्तू समोर ठेवून चित्र काढतात. इंटरमिजिएटच्या ए श्रेणीला ७, बीला ५ आणि सीला ३ असे वाढीव गुण, म्हणून गर्दी. पण स्मरणचित्राच्या पेपरचं काय झालंय ते बघा. अनेक क्लास चार-पाच माणसं पाठ करून घेतात: टोपलीवाली बाई, पाठमोरा टोपीवाला, फुगा धरलेला मुलगा. मग विषय जत्रा असो, बाजार असो वा बसथांबा, तीच मंडळी हजर.

मुलाच्या वर्षभराच्या स्मरणचित्रांतली माणसं एकावर एक ट्रेसिंग ठेवून बघा. तीच माणसं त्याच पोझमध्ये असतील तर श्रेणी येईल, पण प्रगती वहीतच अडकली. जूनमध्ये काढलेला माणूस काठीसारखा उभा आणि फेब्रुवारीतला एका पायावर भार देऊन उभा असेल, खांदे एकीकडे आणि कंबर दुसरीकडे कललेली असेल, तर चित्र कितीही ओबडधोबड असो, मुलाने खरा माणूस बघितलाय.

बिनचौकट
संकल्पचित्रालाही हेच. पोस्टर कलर सपाट बसवणं हे कौशल्य आहेच: ताकापेक्षा दाट, श्रीखंडापेक्षा पातळ. पाणी जास्त झालं तर पट्टे, कमी झालं तर वाळल्यावर भेगा. शेजारचा रंग पहिला पूर्ण वाळल्यावरच. पण हे महिन्या-दोन महिन्यांत जमतं. वर्षाची वाढ बघायची तर मोकळ्या जागा बघा. पहिल्या नक्षीत फुलं काढून उरलेल्या फटी असतात, नंतरच्या नक्षीत त्या फटींनाही आकार दिलेला असतो.

वाळवंटीमोर
सगळे तंत्रावरच घसरलात. दहा महिन्यांत माणूस फक्त लंबवर्तुळं सुधारतो का? विषय कुणी निवडला, चौकट कुठे कापली, चित्र कुठे थांबवलं, हे निर्णय बघा की.

फोल्डरमधल्या प्रत्येक चित्रासाठी सुरुवातीची छोटी कच्ची रेखाटनं किती आहेत ते बघा. काड्यापेटीएवढ्या चौकोनांत तीन-चार मांडण्या करून एक निवडली असेल तर निर्णय झाला. एकही नसेल तर वस्तू कागदाच्या मधोमध बसली ती योगायोगाने. थांबण्याचंही तसंच. वॉश घासून घासून कागदाची लव निघालेली, कोळसा बोटाने चोळून चोळून धुरकट झालेला, ही न थांबल्याची चिन्हं. शेवटच्या चित्रांत कुठेतरी मुद्दाम कोरी सोडलेली जागा दिसते का?

गेरूवाली
वाळवंटीमोर, हे पटलं. पण निर्णय चांगला होता की नुसता आळस, हे कोरी जागा बघून कसं ओळखणार?

वाळवंटीमोर
कोरी जागा झाकून बघा, गेरूताई. कागदाचा तुकडा ठेवून ती जागा बंद केली की चित्र अडकल्यासारखं वाटलं तर निर्णय. काही फरक पडला नाही तर आळस.

टाकाऊतूनटिकाऊ
माझं सगळं फोल्डर निर्णयाने भरलंय तर.

ओलाकागद
हे सगळं करायला चित्रं टिकायला हवीत, म्हणून चार ओळी. कोळशाच्या चित्राला फिक्सेटिव्ह (कोळसा पुसला जाऊ नये म्हणूनचा फवारा) मारण्याआधी फोटो काढा, कारण फिक्सेटिव्हने छटा थोडी गडद होते. फवारा फूटभर अंतरावरून, दोन पातळ हात, मध्ये वाळू द्या. जवळून मारलं तर थेंब पडतात. पोस्टर कलरची चित्रं गुंडाळून नळीत ठेवू नका, रंगाला भेगा पडून पोपडे निघतात. सपाट फोल्डर, दोन चित्रांमध्ये बटर पेपर. पावसाळ्यात भिंतीला टेकवलेलं फोल्डर म्हणजे बुरशीला आमंत्रण, आणि कपाटाच्या तळाशी ठेवलं तर कसर लागते.

फोटो सगळे एकाच दिवशी, उघड्यावर सावलीत, फ्लॅश बंद, चौकटीत एक पांढरा कागद ठेवून. नाहीतर पिवळ्या बल्बखाली काढलेला फोटो बघून 'तेव्हा माझे रंग फार उबदार होते' असा शोध लागतो.

निळीशाई
खूप काही मिळालं, सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्नाकडे येते, त्या एका पानाकडे. वरचं सगळं तपासल्यावर पानावर लिहायचं काय? कुणी नमुना देईल का?

खोडरबर
नमुना असा, नाव-गाव काढून:

"जुलैच्या वस्तुचित्रात तांब्याचं बूड सरळ आहे, फेब्रुवारीच्या कुंडीत ते वळलंय, पण उजवी बाजू अजून पडते. छटांमध्ये पाचपैकी चार मिळतात, सगळ्यात गडद अजून टाळला जातो. जलरंगात दातेरी डाग कमी झाले, मात्र ढगांच्या सगळ्या कडा कडक आहेत, म्हणजे ओल्यावर काम करणं टाळलंय. व्यक्तिचित्रात डोळे कपाळाकडे सरकलेत. डोक्याची उंची मोजली असती तर ते मध्यावर आले असते. पुढचे तीन महिने: फक्त गोल वस्तू, ६बी, आणि आठवड्याला एक आकाश."

यात कुठेही आत्मविश्वास हा शब्द नाही. हे पान पुढच्या जूनमध्ये शिक्षकाच्या हातात दिलं तर त्याला कुठून सुरुवात करायची ते कळेल.

वाळवंटीमोर
नमुना छान, पण त्यात एक ओळ घाला: कुठलं चित्र कुणी न सांगता काढलं. बारा प्रकल्पांत असं एकही नसेल तर तीही नोंद हवी.

पाटीपेन्सिल
मुलासाठी हे पान फार जड होईल. त्याला काय विचारू?

कोपरासरळ
लिहायला सांगूच नका. चित्रं जमिनीवर मांडा आणि विचारा, "यातलं कुठलं पुन्हा काढशील आणि त्यात काय बदलशील?" तो ज्या जागेवर बोट ठेवेल ती तुम्ही तारखेसह टिपून ठेवा. त्याने सगळ्यात सुबक चित्रावर बोट ठेवलं तरी 'अरे हे तर छान झालंय' म्हणू नका.

निळीशाई
ठीक. बिनचौकट, तुमची मांडणी पुढच्या जूनपासून लावायचं वर्गात सुचवते. एक शंका, पितळी तांब्या वर्षभरात काळवंडतो, मग चकाकीचे ठिपके बदलतील. घासून ठेवायचा का?

बिनचौकट
घासलेला पितांबरीने चमकतो, न घासलेला काळा पडतो, दोन्हीत घोळ. पितळ ठेवूच नका, चिनी मातीची पांढरी बरणी ठेवा. आणि ती कपाटात कुलूपबंद, नाहीतर कुणीतरी तिच्यात ब्रश धुतो.